उलटा टाका

तमाम नावाची मुलगी लग्न होऊन ऐन हसना नावाच्या गावात आली, तेव्हा तिच्या सासूने तिचं तोंड नंतर पाहिलं, आधी तिच्या झग्याची कड उलटून मागची बाजू पाहिली. त्यात नवल काही नव्हतं. खलील शहराभोवतीच्या डोंगरांतल्या सगळ्या सासवा तेच करतात. भरतकाम पुढून कोणीही देखणं करतं, बाईची खरी लायकी मागच्या धाग्यांवर कळते असं त्यांचं मत. तमामची मागची बाजू पुढच्या इतकीच स्वच्छ होती. कुठे गाठ नव्हती, कुठे लोंबता धागा नव्हता. वतफाची, म्हणजे तिच्या सासूची, मोठी पंचाईत झाली. आता नाव कशाला ठेवायचं? पण वतफा हार मानणारी नव्हती. तिने झगा सुलटा केला, डोळे बारीक केले आणि तिला हवं ते सापडलं.

"हे काय गं? सगळ्या फुल्या उलट्या!"

"आमच्याकडे अशाच काढतात, काकी."

"तुमच्याकडे बायकांना हात उलटे असतील. इथे माणसं राहतात."

गोष्ट एवढीशी होती. फुलीचा एक पाय खाली आणि एक वर. ऐन हसनामध्ये वरचा पाय डावीकडे झुकतो. तमामच्या माहेरी, दैर सबरात, तो उजवीकडे झुकतो. दोन्ही गावांच्या मध्ये एक ओढा आणि थोडे बदाम, पण दोन्हीकडच्या बायका एकमेकींच्या फुलीकडे बघून असं नाक मुरडतात की जणू समोरच्या गावाने धर्मच बदलला आहे.

वतफाने तो उलटा टाका सोडला नाही. घरी पाहुणी आली की कॉफीच्या आधी सुनेचा झगा दाखवायची. "बघा बाई, काय पदरात पडलंय." झऱ्यावर सांगायची, भाकरीच्या भट्टीवर सांगायची, मयताला गेली तरी रडून झाल्यावर सांगायची. तमामला कितीदा सांगून झालं, की बाई गं, सासर ते सासर, हात बदल. तमामने हात बदलला नाही. ती हट्टीच होती, आणि तिला या गावाच्या डावीकडे झुकलेल्या फुल्या आळशी वाटायच्या, भिंतीला टेकून बसलेल्या बाप्यांसारख्या. हे तिने एकदा बोलूनही दाखवलं. मग दोन दिवस घरात भांडी जरा जास्तच वाजली.

तिचा नवरा दियाब साधा माणूस होता. एकदा दोघींचं भांडण ऐकून तो कौतुकाने म्हणाला, "मला तर दोन्ही फुल्या सारख्याच दिसतात." त्यावर सासू-सुना एका सुरात म्हणाल्या, "तू गप्प बस." दोघींचं एकमत झालेला तो पहिला आणि शेवटचा प्रसंग. पुढच्या पावसाळ्यात दियाब तापाने गेला.

मग तमामचा लग्नातला झगा निळीच्या पिंपात बुडाला. लाल फुलं, लाल सरूची झाडं, 'पाशाचे तंबू' म्हणतात ती नक्षी, सगळं काळपट निळं होऊन वर आलं. नवीन झगा तिने भरला तोही निळ्याच धाग्याने. विधवेने निळं भरायचं आणि गप्प राहायचं. पुन्हा लग्नाचं मन झालं, तर त्या निळ्यात एखादं लाल फूल काढायचं. तोंडाने काही बोलायचं नाही. बाईच्या मनात काय आहे हे आपल्याकडे बाईला विचारत नाहीत, तिच्या झग्याला विचारतात. आणि झग्याने हो म्हटलं, की पहिला हक्क नवऱ्याच्या भावाचा. लाल दाखवायचं आणि मग त्याला नाही म्हणायचं, असं करणाऱ्या बाईला माहेरसुद्धा दारात उभं करत नाही.

नवऱ्याचा भाऊ होता मुतलक. या मुतलकला देवाने मिशा दिल्या आणि मग बाकीचं द्यायचं राहून गेलं. त्या मिशांना तो रोज ऑलिव्हचं तेल लावायचा. ऑलिव्ह मात्र दुसरे तोडायचे. मुतलक तुतीच्या झाडाखाली बसून कोणाची नांगरट तिरकी गेली आणि कोणाच्या भिंतीचा दगड चुकीचा बसला ते सांगायचा. त्याला एक बायको होती, सबहा, आणि लग्नाच्या वयाला आलेल्या तीन मुली. तिघींच्या पेटीत भरलेले झगे हवेत, उशा हव्यात, पट्टे हवेत. सबहाच्या सुईचा लौकिक असा, की तिने भरलेलं सरूचं झाड लोक गाढवाचं शेपूट समजायचे. मुलींनी आईचाच गुण उचलला होता.

आता त्या घरातली अक्कल कशी चालली ते बघा. मुलींना शिकवावं, चार वर्षं बसवून सुई हातात द्यावी, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. डोक्यात आलं ते असं, की गावातला सगळ्यात बारीक टाका तमामचा, तमाम आज ना उद्या दुसरीकडे जाईल आणि तिचे हात तिच्याबरोबर जातील. तेव्हा तिला घरातच बांधून ठेवा. मुतलकला बायको नको होती. त्याला मुलींच्या तीन पेट्या फुकटात भरून हव्या होत्या. आणि जिच्या टाक्याला वतफा जन्मभर उलटा म्हणाली, तोच टाका नातींच्या झग्यावर तिला आता चालणार होता.

मुतलकने आधी स्वतः प्रयत्न केला. मिशीवर बोट फिरवत म्हणाला, "तमाम, निळा रंग तुला शोभत नाही."

"शोभावा म्हणून घातलेला नाही, भावजी."

"किती दिवस घालणार?"

"तुम्ही नांगर धराल तोपर्यंत."

तो तडक तुतीखाली गेला. तमामला हसू आलं. मुतलकला ती घाबरत नव्हती. असल्या माणसाच्या घरात, त्याच्या मुलींच्या झग्यांवर डोळे फोडत, म्हातारं व्हायची मात्र तिला फार भीती वाटायची. निळं तिला तसं जड नव्हतं. निळ्यात कोणी काही विचारत नाही. ते निळं राहील तोवर ती स्वतःची होती.

ऑलिव्हच्या तोडणीला ती भावाकडे दैर सबराला गेली. पेटीची किल्ली रिवाजाप्रमाणे सासूकडे ठेवून गेली. परत आली ती नेमकी गावची सुईण उम्म नायिफ हिच्या नातवाच्या लग्नाच्या दिवशी, भर दुपारी. वरातीचे ढोल वाजायला लागले होते. खोलीत अंधार, भिंतीत वीतभर खिडकी. तमामने पेटीतून निळा झगा काढला, डोक्यावरून ओढला, कमरेला पट्टा बांधला आणि धावत सुटली.

बायका ओळीने नाचत होत्या. तमाम ओळीत शिरली आणि तिच्या मागे कुजबूज सुरू झाली. मग खुसखुस. मग कोणीतरी जीभ हलवून आनंदाची लांब किलकारी ठोकली, आणि ती नवरीसाठी नव्हती हे तिला कळलं. उम्म नायिफ पुढे आली. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिने केलेली. उरलेल्या अर्ध्याची लग्नं तिने जुळवलेली. तिने तमामच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"मुबारक असो, पोरी! मुतलकच ना?"

"मला कशाचं मुबारक? लग्न तुमच्या नातवाचं आहे."

"पाठीवर मिरवतेयस आणि वर मलाच विचारतेस?"

तमामने मान वळवली, कंबर वळवली, स्वतःभोवती गरगर फिरली. स्वतःची पाठ कोणाला दिसते? बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. ती भट्टीच्या आडोशाला गेली, कमरेचा पट्टा सोडला आणि झगा फिरवून पाठीकडचा भाग पुढे आणला. निळ्या सरूंच्या रांगेत, खालच्या कोपऱ्यात, तळहाताएवढं लाल फूल होतं.

 तिला आधी राग आला, मग भीती वाटली. अख्ख्या गावाने ते फूल वाचलं होतं. आता हे मी काढलं नाही म्हणून सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार? मन फिरलेली प्रत्येक बाई तेच सांगते. ती तिथेच राखेच्या ढिगाजवळ बसली आणि रडली. या गावासमोर रडायचं नाही असं तिने दियाबच्या मयतीलाही ठरवून पाळलं होतं. मग डोळे पुसून तिने ते फूल दुपारच्या उजेडात धरलं, अगदी नाकाजवळ, सासू धरायची तसं. आणि बघता बघता ती हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुतलक मागणी घालायला आला. तो, वतफा, सबहा, तमाम, सगळे एकाच अंगणात राहणारे. त्याची खोली आणि तमामची खोली यांच्यामध्ये फक्त कोंबड्यांचं खुराडं. पण मागणी म्हणजे मागणी. म्हणून तो फाटकातून बाहेर पडला, गल्लीतून गावाला वळसा घालून उम्म नायिफचा नवरा अबू नायिफ आणि आणखी तीन म्हाताऱ्यांना गोळा केलं, आणि त्याच फाटकातून पाहुणा म्हणून आत आला. सबहाने कालच धुतलेला त्याचा डोक्याचा रुमाल अजून ओला होता.

वधूपक्षाकडून कोणी तरी हवं. वतफाने ते काम उचललं. नवऱ्या मुलाची आई ती, आणि नवरीची वडीलधारीही तीच! एका बाईने दोन्ही बाजूंनी बसायचं, यात त्या चार पागोटेवाल्यांपैकी एकालाही काही खटकलं नाही. कॉफीचे पेले समोर ठेवले गेले. कोणी हात लावला नाही. होकार मिळेपर्यंत प्यायची नसते.

अबू नायिफने घसा साफ केला. "आम्ही चांगल्या घरातून चांगल्या घरात मागणी घेऊन आलो आहोत."

एकच घर होतं, पण बोलायची रीत तशी असते.

वतफाने डोळ्यांना ओढणीचा पदर लावला. "मी काय बोलू? पोरीनेच लाल दाखवलंय. तिच्या सुखाच्या आड मी येणारी कोण?"

तेवढ्यात तमाम आत आली. अंगात रोजचा झगा, हातात निळा. तिने तो चटईवर, त्या भरल्या पेल्यांच्या मधोमध पसरला, पाठीचा भाग वर करून. दारात गावातल्या बायकांनी गर्दी केलीच होती.

"उम्म नायिफ, जरा आत या. तुमची नजर अजून शाबूत आहे ना?"

"तुझ्या सासूपेक्षा बरी आहे."

"मग या लाल फुलाच्या फुल्यांचा वरचा पाय कुठे झुकलाय ते सांगा."

उम्म नायिफ गुडघ्यांवर बसली, नाक कापडाला लावलं. "डावीकडे."

"आणि शेजारच्या सरूचा?"

"उजवीकडे." तिने पुन्हा फूल पाहिलं, पुन्हा सरू पाहिला. "अगं बाई!"

मागच्या बायका एकमेकींच्या खांद्यांवरून आत घुसल्या. "डावीकडे आहे, डावीकडे!" असा नुसता कालवा झाला. म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले.

"पाय?" अबू नायिफ म्हणाला. "फुलाला पाय कुठून आले?"

"तुम्ही गप्प बसा," त्याची बायको म्हणाली. "साठ वर्षं भरलेले झगे बघताय आणि अजून फुली माहीत नाही."

मुतलकला घाम फुटला होता. "लाल ते लाल! पाय काय बघत बसलात? फूल तिच्या झग्यावर आहे की नाही?"

तमाम दाराकडे वळली. "माझा टाका उलटा आहे, हे गावात कोणाला माहीत नाही? काकींनी ज्यांना सांगितलं नसेल त्यांनी पुढे या."

कोणी पुढे आलं नाही. कशा येणार? वतफाने तान्ह्या पोरांनासुद्धा सांगून ठेवलेलं.

"इतकी वर्षं माझ्या उलट्या हाताने या घराचं नाक कापलं. मग याच एका फुलापुरती मी सुलटी कशी झाले?"

उम्म नायिफ मात्र अजून कापडावरच ओणवी होती. तिने तो धागा नखाने उचलला, दोन बोटांत चोळला आणि हळूच म्हणाली, "हे धागेवाल्या फिरस्तीकडचं सूत नाही. रेशीम आहे, शाम शहरातलं. असा डाळिंबी रंग आता येत नाही." मग तिने मान वर केली. "वतफा, हे तुझ्या लग्नातलं आहे. तुझा झगा भरायला आम्ही सगळ्या बसलो होतो. मी नाही ओळखणार?"

 फिरस्तीकडून लाल धागा विकत घेतला असता, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून वतफाने आपल्या पेटीच्या तळाचं जुनं रेशीम काढलं होतं. एवढी हुशारी केली आणि हात मात्र आपलाच चालवला. तमामसारखी उलटी फुली काढणं तिला सहज जमलं असतं. पण तसली फुली काढायला तिची बोटं वळली नाहीत. खोटेपणा तिला चालला, उलटा टाका चालला नाही.

"म्हणजे हात काकींचा," तमाम म्हणाली, "रेशीम काकींचं. आणि विधवा तर काकीही आहेत. आपल्या गावात जी लाल काढते, लग्नाची इच्छा तिची असते. मुबारक असो, काकी! नवरा तेवढा कोण ते सांगा, झगा मी भरून देते."

दारातून अशी किलकारी उठली की खुराड्यातल्या कोंबड्या फडफडल्या. "मुतलक," कोणीतरी ओरडलं, "तू आईची मागणी घेऊन आलास होय रे!" त्या चौघांतला एक म्हातारा विधुर होता. त्याने नकळत पागोटं सारखं केलं, आणि ते बघून बायका भिंतींना धरून हसल्या. मुतलकच्या मिशा खाली आल्या. अबू नायिफ उठला, मागोमाग बाकीचे उठले. कॉफी तशीच पेल्यांत निवत राहिली, आणि कॉफी न पिता उठलेल्या भावाचा हक्क रिवाजाने तिथेच संपतो.

दुपारी तमाम उंबऱ्यावर बसून ते फूल उसवत होती. वतफा येऊन समोर उभी राहिली. 

"फेकू नकोस ते."

"फेकत नाही. तुमचं तुम्हाला." तमामने रेशमाचे तुकडे गोळा करून तिच्या हातावर ठेवले.

वतफा त्यांच्याकडे बघत राहिली. "हे मी ठेवलं होतं," ती म्हणाली. "मुतलक रांगत होता, दियाब पोटात होता. माझ्या निळ्यात काढायला ठेवलं होतं. सासरा म्हणाला, खुशाल काढ, पण पोरं इथेच ठेवून जायचं." तिने मूठ मिटली. "मग राहिलंच."

तमामला वाईट वाटलं. तिला वाईट वाटून घ्यायचं नव्हतं, पण वाटलं. त्यामुळे तिचा राग कमी झाला नाही, उलट वाढला.

"मग तर तुम्हाला कळायला हवं होतं, काकी."

वतफा मूठ तशीच धरून आत गेली.

त्यानंतर घरात बरीच सुधारणा झाली. मुतलकच्या मुलींना अखेर सुई हातात घ्यावी लागली, आणि थोरलीच्या लग्नात वऱ्हाडी तिच्या झग्यावरची जनावरं ओळखण्यात रंगून गेले. ती झाडं होती. मुतलक महिनाभर तुतीखाली फिरकला नाही. मग त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाचं अंजिराचं झाड धरलं. तिथूनही लोकांची नांगरट तिरकीच दिसते असं तो सांगतो.

तमामच्या झग्यावर मात्र भोकं राहिली. रेशीम गेलं, पण सुईने कापडात केलेली जागा गेली नाही. निळ्या सरूंमध्ये फुलाच्या आकाराची एक रिकामी जागा. ती पुन्हा निळ्याने भरून टाक, असं माहेरून आलेल्या भावजयीने सुचवलं. तमामने भरली नाही. सगळा हिवाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा ती ती भोकं पाठीवर घेऊन हिंडली. बघणाऱ्यांनी बघावं.

पुन्हा तोडणी आली. ती पुन्हा दैर सबराला गेली. तिथल्या घाण्यावर खलफ नावाचा माणूस होता. कपडे तेलाने माखलेले, मिशा कोरड्या. तो फारसा बोलत नसे. एक दिवस ऑलिव्हची टोपली उतरवून घेताना त्याने तिच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही जागा तुम्ही भरली नाहीत." ती म्हणाली, "नाही." तो म्हणाला, "घाई नाही," आणि टोपली घेऊन गेला. बस, एवढंच.

ऐन हसनाला परत आल्यावर फिरस्ती आली, तेव्हा तमामने भर चौकात, तुतीखाली, सगळ्यांच्या देखत लाल धागा घेतला. मुद्दाम मोठ्याने घासाघीस केली. दोन लड्या परत केल्या, रंग फिका आहे म्हणून. घरी येऊन अंगणात बसली आणि त्याच भोकांतून, एकेक करून, फूल भरलं. कापडाला नवीन छिद्र पाडलं नाही. मागची बाजू नेहमीसारखी स्वच्छ.

सकाळी ती झगा घालून झऱ्यावर निघाली. यावेळी पाठीवर काय आहे ते तिला वळून बघायची गरज नव्हती. मागून घागर घेऊन वतफा येत होती.  वतफाचे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नव्हते, म्हणून ती जवळ आली, अगदी हातभर, आणि वाकून बघत चालली.

"अजून उलटीच काढतेस फुली," ती म्हणाली.

"हो काकी," तमाम मागे न वळता म्हणाली. "म्हणजे मीच काढली आहे."